इक्बालभाई आणि लाल ताऱ्यांची माणसं

इक्बालभाई,

तुम्ही गेल्याचं मला लिफ्टपाशी कळलं. मी भाजीच्या पिशव्या घेऊन आले होते. आपला मल्याळी वॉचमन लिफ्टचं दार धरून उभा होता. "मॅडम, थर्ड फ्लोर इक्बाल साब खलास," तो म्हणाला. त्याला हिंदी बेताचंच येतं, याहून बरा शब्द त्याच्याकडे नव्हता. पण हा शब्द तुमच्या तोंडी इतक्या वेळा ऐकलेला, की मला आधी वाटलं तुमचं कसलंतरी काम आटोपलं असेल. पोर्टवर माल सुटला की खलास, बल्ब गेला की खलास, रुकय्याभाभींची बिर्याणी संपली की खलास. मी आमच्या पाचव्या मजल्याचं बटण दाबलं. दुसरा मजला गेल्यावर त्या शब्दाचा अर्थ डोक्यात शिरला आणि मी तिसरं दाबलं.

त्याच दिवशी दुपारच्या अस्रच्या नमाजानंतर तुम्हाला नेलं. बायका कबरस्तानात जात नाहीत, त्यामुळे मी भाभींजवळ बसून राहिले. विनय गेला होता. परत आल्यावर मी त्याला विचारलं, कसं झालं सगळं. तो म्हणाला, "लवकर आटोपलं. माती फार कोरडी होती." माझ्या नवऱ्याकडून एवढंच कळतं, हे तुम्हाला ठाऊक आहे.

नंतर तुमच्या हॉलमध्ये लोक बोलत होते. रत्नागिरीच्या किती पोरांना तुम्ही इथे नोकरीला लावलंत, कुणाच्या व्हिसासाठी कुठे कुठे खेपा घातल्यात. ते खरं असणार. मला त्यातलं फारसं माहीत नाही. आपली ओळख वेगळ्या गोष्टीवरून होती आणि तिच्याबद्दल तिथे कुणीच काही बोललं नाही. भिंतीवरच्या शोकेसकडे लोक बघत होते, पण मुलांच्या शाळेतल्या ट्रॉफ्यांकडे बघावं तसे.

तुम्ही पहिल्यांदा आमच्याकडे आलात तेव्हा नव्वदीचं दशक संपत आलं होतं. शुक्रवार होता. हातात घडी घातलेला रुमाल होता. "वहिनी, तुमाला रशियन येतं म्हणे," तुम्ही दारातूनच म्हणालात. हे तुम्हाला विनयने सांगितलं असणार, गाडी पार्क करता करता. ओल्ड एअरपोर्ट भागातल्या या बिल्डिंगमध्ये मी तोवर कुणालाही ते सांगितलेलं नव्हतं. सांगून उपयोग नव्हता. पुण्यात मी रशियन शिकले, मशिनरीच्या एका कारखान्यात भाषांतरकार म्हणून नोकरी केली, आणि लग्नानंतर इथे कतारला येऊन डिपेंडंट व्हिसावर मुलांचे डबे भरत होते. शब्दकोश माळ्यावरच्या बॅगेत होता.

रुमालात लाल तारा होता, दुसऱ्या महायुद्धातलं सोव्हिएत पदक. गडद लाल मिन्याचा, मधोमध चांदीचा एक शिपाई बंदूक घेऊन उभा. सूक वाकिफच्या बाजारात जुन्या वस्तूंच्या दुकानात, ओमानी खंजीर आणि बंद पडलेली घड्याळं यांच्या ताटात तुम्हाला तो मिळाला होता. शारजाला माल न्यायला येणारे रशियन व्यापारी अशा वस्तू आणून विकत, तिथून त्या सगळ्या आखातात फिरत. "मागं नाव लिवलंय बगा त्या शिपायाचं," तुम्ही म्हणालात. मी वाचलं आणि सांगितलं, नाव नाही, 'टांकसाळ' असं लिहिलंय. खाली नुसता नंबर आहे.

तुमचा चेहरा पडला. चहा झाला. मग तुम्ही विचारलंत, "नंबर हाय म्हंजे कुठंतरी नोंद असणारच की?"

असणारच, मी म्हटलं. त्या सरकारने बाकी काही केलं नसेल, नोंदी नक्की ठेवल्या असतील.

तुम्ही शिपिंग एजन्सीत. कुठल्या कंटेनरचा कागद कुठे अडकलाय हे शोधण्यात जन्म गेलेला. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तुम्ही परदेशी संग्राहकांकडून माहिती काढलीत, की मॉस्कोजवळच्या लष्करी दप्तरखान्यात पदकाच्या नंबरावरून माणूस सापडतो. आधी त्याचं नोंदकार्ड, मग ज्या कामगिरीसाठी पदक दिलं तिचं शिफारसपत्र. तिथे प्रत्यक्ष जाऊन शोधून देणारी एक बाईही तुम्ही गाठलीत. गालिना पेत्रोव्ना, ग्रंथालयातून निवृत्त झालेली. तिला पत्रं मी लिहायची, तिची उत्तरं मी वाचायची, असं ठरलं. ठरलं म्हणजे तुम्ही ठरवलंत. त्या दिवसापासून वहिनीची मी 'बाई' झाले, शाळेतल्या बाईंसारखी.

उत्तर यायला महिनोन्‌महिने लागले. तेवढ्या काळात तुम्ही त्या पहिल्या ताऱ्याच्या मालकाची गोष्ट स्वतःच रचलीत. तो रणगाडा चालवायचा. बर्फात अडकला होता. डाव्या हाताला गोळी लागली होती. घरी आलेल्या प्रत्येकाला तुम्ही ती सांगत होतात आणि दर वेळी थंडी वाढत होती. मग एक दिवस फॅक्स आला. मी वाचून दाखवला. तो फौजेच्या बेकरीचा प्रमुख होता. आघाडीमागे भट्ट्या लावून त्याने एकही दिवस न चुकवता पाव पुरवला, म्हणून तारा.

"पाववाला?" तुम्ही म्हणालात.

"पाववाला."

दोन दिवस तुम्ही आमच्याकडे फिरकला नाहीत. तिसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये भेटलात ते हसतच. "बाई, विचार केला. पाव नसता तर रणगाडेवाल्यानं काय खाल्लं असतं?" त्यानंतर शोकेसमधला पहिला मान कायम पाववाल्याचा राहिला.

पुढे आणखी तारे आले. एकाच्या नोंदीत कामगिरीच नव्हती, नुसती बरीच वर्षं नोकरी केली म्हणून दिलेला होता. तुम्ही चिडलात. नोकरी केली म्हणून पदक देतात का, म्हणालात. कंपनीने तुम्हाला घड्याळ दिलं होतं की, मी म्हटलं. भाभी स्वयंपाकघरातून हसल्या. तुम्ही मनगटाकडे बघितलंत आणि विषय बदललात.

एकदा मी तुम्हाला सरळ विचारलं, हे सगळं कशासाठी. तुम्हाला ना त्या देशाशी घेणंदेणं, ना लढाईशी. तुम्ही म्हणालात, "पोर्टवर बगा, बिनधन्याचा माल पडून असतो. उन्हात, धुळीत. कुणी इचारत नाय. मला ते बघवत नाय." यापेक्षा मोठं कारण तुम्ही दिलं नाहीत, मीही मागितलं नाही. माझं कारण मात्र मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, ते आता लिहिते. गालिनाचा पहिला फॅक्स वाचताना एक शब्द अडला आणि मी माळ्यावरची बॅग खाली काढली. शब्दकोश परत माळ्यावर गेलाच नाही. परक्या गावात मला माझं काम परत मिळालं, ते तुमच्यामुळे. तुम्ही खाली राहत होतात, कधीही सांगता आलं असतं. राहून गेलं.

मग आंतोनिनाचा तारा आला. त्याच्या एका टोकाचा मिना उडालेला होता, म्हणून दुकानदाराने तो स्वस्तात दिला होता. नोंद आली ती एका मुलीची. व्होल्गाकाठच्या गावची, शाळा संपताच फौजेत गेलेली, जखमींची सेवा करणारी परिचारिका. शिफारसपत्रात लिहिलं होतं, की गोळीबार चालू असताना तिने जखमी जवानांना त्यांच्या शस्त्रांसकट पाठीवरून ओढत मागे आणलं. किती जवान, तोही आकडा दिलेला. तुम्ही मला ते वाक्य परत वाचायला लावलंत.

"माणूस आणला ते ठीक. बंदूक कशाला आणायची?"

"नियम असेल."

"माणसापरीस बंदुकीची काळजी," तुम्ही म्हणालात.

त्याच पत्रात गालिनाने खाली लिहिलं होतं, की चौकशी केली तेव्हा कळलं, ही बाई जिवंत आहे. एका लहान शहरात मुलीकडे राहते. तिथे टेलिफोन आहे.

तारा तिला परत द्यायचा, हे तुमचं तिथल्या तिथे ठरलं. आणि तिथूनच आपलं भांडण सुरू झालं. मी म्हटलं, तिनेच विकला असेल तर? त्या वर्षांत तिकडे पेन्शनी थांबल्या होत्या, म्हाताऱ्या माणसांनी पदकं बाजारात नेऊन विकली, हे गालिनानेच लिहिलं होतं. तुम्ही म्हणालात, मग परत मिळाल्यावर आनंदच होईल. मी म्हटलं, आनंद होईल, पण तिने तो विकला हे दूरच्या कुणा अनोळखी माणसाला माहीत आहे, हेही तिला कळेल. तुम्ही म्हणालात, चोरीला गेला असेल कशावरून नाही. असं कितीतरी शुक्रवार चाललं. शेवटी तुम्ही मला पत्र सांगायला लागलात. त्यातलं एक वाक्य होतं, 'तुमची चीज माझ्याजवळ सुखरूप आहे.'

"हे मी लिहिणार नाही," मी म्हटलं.

"बाई, तुमी भाषांतर करा. न्यायनिवाडा नको."

मी पेन ठेवलं आणि वर निघून आले. नंतर काही आठवडे आपण लिफ्टमध्ये फक्त हवेबद्दल बोललो. ते दिवस मला लांब वाटले, एवढं सांगते.

समेट भाभींनी केला. पत्र नको, फोन करा, त्या म्हणाल्या. माणूस कसा आहे ते आवाजावरून कळतं. मी अट घातली, की तारा आपल्याजवळ आहे हे सांगायचं नाही, नुसती विचारपूस करायची. तुम्ही कबूल केलंत. शुक्रवारी जेवणं झाल्यावर तुमच्या हॉलमध्ये आपण तिघं फोनभोवती बसलो. तुम्ही फोनचं कार्ड खरवडून नंबर फिरवलात आणि स्पीकर लावलात.

पलीकडून मोठा, जाडसर आवाज आला. कोण बोलतंय? मी सांगितलं, मी भारतीय आहे, कतारहून बोलतेय. कतार तिला माहीत नव्हतं. अरबस्तान, मी म्हटलं.

"अरबस्तानात भारतीय काय करतात?"

"नोकरी करतात."

"तुम्ही की तुमचा नवरा?"

"नवरा."

"हं," ती म्हणाली. त्या 'हं'चं भाषांतर मी तुम्हाला केलं नाही.

मी ठरल्याप्रमाणे सांगू लागले, की आम्हाला त्या युद्धातल्या लोकांविषयी आस्था आहे, दप्तरखान्यातून तुमचं नाव मिळालं. तिने मला मधेच तोडलं. "दप्तरखान्यात नाव शोधायला नंबर लागतो. माझा तारा तुमच्याकडे आहे, होय ना?"

तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होतात. काय म्हणतेय, तुम्ही विचारलंत. मी सांगितलं. तुम्ही फोनवर वाकलात आणि म्हणालात, "दा." तुम्हाला रशियनमधले जे चारदोन शब्द येत होते त्यांतला तो एक. हो.

भाभींनी माझा हात धरला होता. मग ती म्हणाली, "एका टोकाचा मिना उडालाय?"

उडालाय, मी सांगितलं.

"मग माझाच. मीच विकला. कुणी चोरला नाही. बाजारात उभी राहून विकला. घराचं छप्पर गेलं होतं, त्या पैशांत नवं घातलं. अजून गळत नाही."

मी ते मराठीत सांगितलं. तुम्ही लगेच म्हणालात, "इचारा, परत पाठवू का?"

"नको," ती म्हणाली. "मग मला छप्पर उतरवून द्यावं लागेल."

आधी भाभी हसल्या, मग तुम्ही. तुम्ही इतके हसलात की तिने विचारलं, तिकडे किती माणसं आहेत.

मग तुम्ही मला शिफारसपत्र वाचून दाखवायला सांगितलंत. तिने ते कधीच पाहिलं नव्हतं. त्यांना पदक मिळायचं, कागद वर जायचा. मी सावकाश वाचलं. तिने शांतपणे ऐकलं आणि खाली सही कुणाची आहे ते विचारलं. मी कमांडरचं नाव वाचलं.

"चांगला मुलगा होता," ती म्हणाली. "खोटं लिहिलंय त्यानं. मी मोजलं नव्हतं. कोण मोजतं? ज्यांना ओढता आलं त्यांना ओढलं. आणि बंदुका सगळ्या चिखलात राहिल्या. बंदुका आणल्या असं लिहिल्याशिवाय तारा मिळत नसे, म्हणून त्यानं तसं लिहिलं. त्याच वसंतात तो मेला."

कार्ड संपलं आणि फोन तुटला.

बघा, तुम्ही उगाच घाबरत होतात, असं तुम्ही मला त्यानंतर अनेकदा ऐकवलंत. मी दर वेळी म्हटलं, ही बाई तशी होती म्हणून निभावलं. दुसरी कुणी असती तर तिने फोन ठेवला असता आणि तिचे पुढचे कितीतरी दिवस वाईट गेले असते. माझं मत अजून तेच आहे. तुम्ही नाही म्हणून ते बदलणार नाही.

आणि दुसरा वाद तर मिटलाच नाही. शोकेसमध्ये प्रत्येक ताऱ्याखाली तुम्ही ऑफिसात टाईप करून आणलेलं कार्ड लावत होतात. आंतोनिनाच्या कार्डावर तुम्ही शिफारसपत्रातलंच लिहिलंत, आकड्यासकट, बंदुकांसकट. मी म्हटलं, ती स्वतः सांगतेय की हे खोटं आहे, तुम्ही कानांनी ऐकलंत. तुम्ही म्हणालात, म्हातारं माणूस, नम्रपणानं बोललं असेल. मी म्हटलं, त्या बाईत नम्रपणा कुठे दिसला तुम्हाला?

"बाई, मी जन्मभर कागद बघितलेत," तुम्ही म्हणालात. "कागद थोडा इकडंतिकडं असला म्हणून माल खोटा होत नाय. तिनं माणसं आणली का नाय? आणली. कमांडरनं तिचा माल सोडवला."

याला उत्तर मला नंतर सुचलं, की मग कार्डावर तेच लिहा ना, माणसं आणली, बंदुका नाही आणल्या, तरी तारा मिळाला. पण तेव्हा सूक वाकिफ पाडून नव्याने बांधायचं काम चालू होतं, तुमचा दुकानदार कुठे गेला ते शोधण्यात तुम्ही गुंतला होतात, आणि ते बोलायचं राहून गेलं. इकडे क्रेन वाढत गेल्या, भाडी वाढली, आपली मुलं शिकायला बाहेर गेली. फोन मात्र चालू राहिले. वर्षातून दोनतीनदा, कधी ईदच्या सुमारास, कधी त्यांच्या नव्या वर्षाला. ती आधी विचारायची, अरबस्तानात थंडी पडली का. भाभी आणि तिच्यात लोणच्यावरून बोलणं चालायचं. ती काकड्या मिठात कशा घालते, भाभी कैऱ्या कशा घालतात, आणि मधे मी. तुम्ही तिला गुडघ्यासाठी कसलंतरी तेल सांगितलं होतंत. ते रशियनमध्ये काय म्हणतात हे मला शेवटपर्यंत सापडलं नाही. मी नुसतं 'तेल' म्हटलं, आणि तिने सूर्यफुलाचं लावलं. बरं वाटलं म्हणाली.

तुम्ही गेल्यानंतरच्या शुक्रवारी मी तिला फोन केला. भाभी इद्दतीत आहेत, विधवेने घरातच राहायच्या त्या महिन्यांत, म्हणून फोन तुमच्याच हॉलमधून केला; त्या शेजारीच बसल्या होत्या. मला काय सांगायचं ते मी मनात जुळवून ठेवलं होतं. भाषांतर करायला कुणी नव्हतं, पहिल्यांदाच बोलणं माझं माझंच होतं, आणि मला ते जड गेलं. मी म्हटलं, आमचा भारतीय गेला. तिने तुम्हाला नेहमी तेच म्हटलं होतं, 'तुमचा तो भारतीय'.

तिने विचारलं, त्रास झाला का? नाही, ऑफिसात खुर्चीवरच. बायको? माझ्या शेजारी आहे. मुलं? येऊन गेली, मोठा आहे अजून. मग म्हणाली, "त्याचं नाव सांग. पूर्ण."

इक्बाल, मी म्हटलं.

"बापाचं नाव?"

त्यांच्याकडे माणसाला मान द्यायचा तर बापाचं नाव जोडावं लागतं, हे मी पुण्यात पहिल्या महिन्यातच शिकले होते. पाववाल्याच्या बापाचं नाव मला माहीत होतं. आंतोनिनाच्या बापाचं माहीत होतं. नोकरीची वर्षं भरली म्हणून तारा मिळालेल्या माणसाचंही मी आत्ता सांगू शकते. तुमच्या दारावरच्या पाटीवर नाव आणि आडनाव होतं, आणि इतक्या वर्षांत मला तिसरं कधी लागलं नव्हतं.

मी फोन बाजूला धरून भाभींना विचारलं. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. "दाऊद," त्या म्हणाल्या. मग सासऱ्यांचं नाव तोंडातून गेलं म्हणून असेल, त्यांनी पदर सारखा केला.

दाऊद, मी फोनवर सांगितलं.

"मी चर्चवाली नाही," आंतोनिना म्हणाली. "पण विजयदिनाला मी टेबलाशी बसते आणि आमच्यातल्या गेलेल्या सगळ्यांची नावं मोठ्यानं घेते. कमांडरचं घेते. आता फार जण झालेत. प्रत्येकाच्या नावाला एक घोट. या वर्षी याचंही घेईन."

ते दारू पीत नव्हते, मी म्हटलं.

तिने थोडा विचार केला. "मग त्याच्या नावाला चहा घेईन."

मग तिने नाव म्हणून पाहिलं. पहिल्यांदा जमलं नाही, दुसऱ्यांदा थोडं जमलं. इग्बाल दावुदोविच. तिने विचारलं, बरोबर आहे ना.

मी बरोबर आहे म्हणाले. मी तिला दुरुस्त केलं नाही.